वीस किलोमीटर आणि काही मिनिटे : पोटातील महावाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाला वसलेल्या द्वारका या उपनगराला 17 ऑगस्ट 2025 रोजी एक नवा रस्ता मिळाला. सुमारे 29 किलोमीटर लांबीच्या द्वारका द्रुतगती मार्गाचा हरियाणातील भाग मार्च 2024 मध्येच खुला झाला होता. दिल्लीतील सुमारे दहा किलोमीटरचा भाग त्या दिवशी खुला झाला आणि मार्ग पूर्ण झाला. उड्डाणपूल, भुयारी मार्ग आणि अनेक पदरी रुंदी यांमुळे गुरुग्राम व विमानतळ यांच्याकडचा प्रवास आता कमी वेळात होतो. वृत्तपत्रांनी या वाचलेल्या मिनिटांचा हिशेब ठळकपणे दिला. तथापि मिनिटांचा आणखी एक हिशेब अशा रस्त्याशी जोडलेला असतो. तो शल्यचिकित्सेच्या इतिहासात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मांडला जात आहे आणि अद्याप पूर्ण सुटलेला नाही.

वेगाने जाणारे वाहन एकाएकी थांबले, की आतील माणसाचे शरीर थांबते. पण शरीरातील अवयव क्षणभर पुढे जात राहतात. दुचाकीस्वाराच्या पोटात हँडलचे टोक रुतते, मोटारचालकाचे पोट स्टिअरिंगवर आदळते. त्वचेवर एखादा ओरखडा दिसतो, माणूस बोलतही असतो. आत मात्र पाठीच्या कण्यालगत उतरणारी महारोहिणी, तिच्या उजव्या अंगाने वर जाणारी अधोमहानीला, आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी प्रवेशिका नीला किंवा कमरेच्या हाडांपाशी फुटणाऱ्या मोठ्या शाखा, यांपैकी एखादी वाहिनी फाटलेली असू शकते. 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतील 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. डोक्याच्या दुखापतीनंतर अपघातातील मृत्यूचे मोठे कारण रक्तस्राव हे असते. हातापायातून वाहणारे रक्त कोणीही फडक्याने दाबून धरू शकतो. पोटाच्या आत वाहणारे रक्त बाहेरून दाबता येत नाही, किंबहुना दिसतही नाही.

या रक्तस्रावाचा वेग किती असतो, हे समजण्यासाठी सतराव्या शतकातील टॉरिचेलीचा नियम पुरेसा आहे. टाकीच्या छिद्रातून पाणी किती वेगाने बाहेर पडेल, हे आतल्या दाबावरून सांगणारा हा नियम. महारोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या 100 मिलिमीटर स्तंभाइतका धरला, तर छिद्रातून उसळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला सुमारे पाच मीटर येतो. छिद्र केवळ तीन मिलिमीटर व्यासाचे असले आणि धारेचे आकुंचन हिशेबात घेतले, तरी मिनिटाला साधारण सव्वा लिटर रक्त बाहेर पडेल. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्त असते पाच लिटरच्या आसपास, आणि त्यातील दोन लिटर गेले, की जीव संकटात येतो. म्हणजे अवघ्या दीड-दोन मिनिटांचा हा मामला. प्रत्यक्षात मात्र काही जखमी अर्धा तास, तासभर तग धरतात. याची कारणे दोन. रक्त जाऊ लागताच दाब उतरतो आणि गळतीही मंदावते. शिवाय या महावाहिन्या उदरपोकळीच्या मागे, एका आवरणाआड बंदिस्त असतात. ते आवरण शाबूत राहिले, तर साचलेले रक्तच फाटलेल्या जागेवर दाब देते. निसर्गाने बांधलेली ही पट्टी कधी सुटेल, याचा नेम नसतो.

या जखमेचे नाव जगभर गाजले, ते एका हत्येमुळे. 24 जून 1894 रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लिओं शहरातील मेजवानी आटोपून उघड्या बग्गीतून निघाले होते. गर्दीतून पुढे आलेल्या सान्ते कासेरियो नावाच्या इटालियन अराज्यवाद्याने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. सुऱ्याने यकृत भेदून प्रवेशिका नीला छेदली होती. शहरातील नामवंत शल्यचिकित्सक धावून आले, जखम उघडली गेली, रक्त थोपवण्यासाठी कापडाचे बोळे आत भरले गेले. परंतु काही तासांतच, मध्यरात्रीनंतर, कार्नो यांचा मृत्यू झाला. एका राष्ट्राच्या प्रमुखाला त्याच्या देशातील उत्तम वैद्यक उपलब्ध असूनही वाचवता आले नाही, कारण फाटलेली मोठी रक्तवाहिनी शिवायची कशी, हेच त्या काळी ठाऊक नव्हते.

तोवरचा उपाय एकच होता : वाहिनी दोऱ्याने बांधून टाकणे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात ॲस्टली कूपर याने 1817 साली एका रुग्णाची उदरातील महारोहिणीच बांधली होती. रुग्ण सुमारे चाळीस तास जगला. ज्या वाहिनीवर दोन्ही पाय आणि आतडी अवलंबून, ती कायमची बंद करून माणूस टिकणार कसा, हा प्रश्न कूपरच्या धाडसाने सोडवला नाही. उलट अधिक ठळक केला. वाहिनी शिवावी म्हटले, तर टाक्यांच्या जागी गुठळी होऊन ती बुजून जाई किंवा टाक्यांमधून रक्त झिरपत राही.

कार्नो यांच्या मृत्यूच्या वेळी लिओंमध्ये ॲलेक्सिस कारेल नावाचा जेमतेम एकविशीला टेकलेला तरुण वैद्यकाचे शिक्षण घेत होता. वाहिनी शिवता आली असती तर राष्ट्राध्यक्ष वाचले असते, ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. पुढे त्याने जे केले ते शल्यचिकित्सेच्या इतिहासात अपूर्व मानले जाते. बारीक सुई आणि रेशमी धागा कसा हाताळावा, हे शिकण्यासाठी तो लिओंमधील मादाम लरूदिए या कशिदाकार स्त्रीकडे गेला. लिओं हे रेशमाचे शहर. तेथील कारागिरांच्या हातात जी सफाई होती, ती शस्त्रक्रियागृहात नव्हती. 1902 साली कारेलने आपली पद्धत प्रसिद्ध केली. कापलेल्या वाहिनीच्या गोल तोंडावर समान अंतराने तीन आधारटाके घालायचे आणि ते ताणून धरायचे, म्हणजे वर्तुळाचा त्रिकोण होतो. वक्र कडेवर शिवणे अवघड, सरळ रेषेवर शिवणे सोपे. एक बाजू शिवून झाली, की दुसरी, मग तिसरी. धाग्याला व्हॅसलिन लावलेले असे आणि सुई इतकी बारीक, की तिच्या छिद्रांतून रक्त झिरपू नये. या कामाबद्दल आणि अवयव-प्रत्यारोपणाच्या प्रयोगांबद्दल कारेलला 1912 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्रिकोणाची ती युक्ती आजही शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

सुई-दोऱ्याचा प्रश्न असा विसाव्या शतकाच्या आरंभीच तत्त्वतः सुटला. मग पोटातील महावाहिन्या फाटलेली माणसे वाचू लागली काय? नाही. पुढची पन्नास वर्षे तरी नाही. शिवण्यापूर्वी रक्त थांबवावे लागते, थांबवण्यासाठी जागा सापडावी लागते, आणि सापडेपर्यंत रुग्ण जिवंत असावा लागतो. या तीन अटींपैकी प्रत्येकीचा इतिहास स्वतंत्र आहे.

रक्त थांबवण्याची एक मूलभूत युक्ती ग्लासगोच्या जेम्स होगार्थ प्रिंगल याने 1908 साली मांडली. यकृत फाटले असता, त्याकडे जाणारी प्रवेशिका नीला आणि रोहिणी ज्या पट्टीतून जातात, ती पट्टीच बोटांच्या चिमटीत धरायची. यकृताचा पुरवठा तात्पुरता बंद होतो आणि शल्यचिकित्सकाला जखम दिसू लागते. प्रिंगलचे स्वतःचे रुग्ण वाचले नाहीत. त्याची चिमटी मात्र टिकली. तिच्यातून एक सुंदर निदानतर्कही निघाला. चिमटी धरूनही रक्त येतच राहिले, तर ते यकृताकडे येणाऱ्या वाहिन्यांतून नव्हे, तर यकृतामागे दडलेल्या अधोमहानीलेतून किंवा तिला मिळणाऱ्या शाखांतून येत आहे, असे समजायचे. ही जखम सर्वांत घातक जखमांपैकी एक. नीलेतील दाब थोडा असतो खरा, परंतु तिची भिंत इतकी पातळ, की ओल्या कागदासारखी टाक्यांबरोबर फाटत जाते.

दोन महायुद्धांनी या शाखेला जखमींचा अफाट अनुभव दिला, पण पोटातील वाहिन्यांविषयी फारच थोडा. मायकेल डबेकी आणि फियोरिंडो सिमियोन यांनी 1946 साली दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैनिकांच्या 2,471 रोहिणी-जखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हातापायांच्या रोहिण्या बहुतेक ठिकाणी बांधूनच टाकल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या जखमींचा हात किंवा पाय कापावा लागला. या 2,471 जखमांपैकी पोटातील होत्या फक्त 49, म्हणजे दोन टक्के. कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टर आले, वाहिन्या शिवण्याची पद्धत रूढ झाली आणि अवयव कापावा लागण्याचे प्रमाण सुमारे 13 टक्क्यांवर उतरले. पोटातील जखमांचा वाटा मात्र तेथेही दोन-अडीच टक्केच. व्हिएतनाममधील एक हजार रोहिणी-जखमांच्या नोंदींत तो 2.9 टक्के निघाला.

या आकड्यांवरून असा समज होऊ शकला असता, की पोटातील महावाहिन्यांना इजा क्वचितच होते. दुसऱ्या महायुद्धाच्याच काळात अब्राहम वॉल्ड या गणितज्ञाने अशा समजातील फसगत विमानांच्या बाबतीत दाखवून दिली होती. परतलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणा मोजून चिलखत कोठे लावावे हे ठरवू नये, कारण ज्यांना नेमकी मर्मस्थानी गोळी लागली ती विमाने परतलीच नाहीत. हाच वॉल्ड 1950 साली व्याख्यानांसाठी भारतात आला असता निलगिरीच्या डोंगरांत विमान अपघातात मरण पावला. युद्धातील शल्यचिकित्सकांच्या नोंदवहीतही हीच उणीव होती. पोटातील महारोहिणी फुटलेला सैनिक रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. त्याची नोंद ज्या यादीत होई, ती शल्यचिकित्सेची नव्हती.

याचा पुरावा युद्धाबाहेर, शहरात मिळाला. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील बेन टॉब रुग्णालयात 1958 पासूनच्या तीस वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या 5,760 जखमा हाताळल्या गेल्या. गोळीबार आणि सुरीहल्ले यांतील जखमी तेथे रुग्णवाहिकेने काही मिनिटांत आणले जात. केनेथ मॅटॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्वांची मोजदाद केली, तेव्हा पोटातील वाहिन्यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश निघाला. मनुष्यदेह तोच, जखमही तीच. बदलली होती ती केवळ रुग्णालयात पोहोचण्याची वेळ.

माणसे जिवंत पोहोचू लागल्यावर जागा सापडण्याचा प्रश्न पुढे आला. महावाहिन्या आतडी, जठर, स्वादुपिंड, प्लीहा यांच्या मागे असतात आणि पोट उघडताच समोर दिसते ते फक्त रक्त. साचलेल्या रक्ताचे आवरण घाईने फोडले, तर निसर्गाने दिलेला दाब क्षणात नाहीसा होतो. म्हणून या शस्त्रक्रियेचा पहिला नियम ठरला : जखमेला हात लावण्यापूर्वी तिच्या वरच्या आणि खालच्या बाजूची वाहिनी ताब्यात घ्यावी. अगदी हातघाईच्या वेळी पडद्याच्या, म्हणजे श्वासपटलाच्या, खालीच महारोहिणी मुठीने पाठीच्या कण्यावर दाबून धरतात. मग डावीकडील मोठे आतडे, प्लीहा आणि मूत्रपिंड एखाद्या पुस्तकाच्या पानासारखे उजवीकडे उलटले, की महारोहिणी वरपासून खालपर्यंत उघडी दिसते. ही कृती मॅटॉक्स यांच्या नावाने ओळखली जाते. उजव्या बाजूने असेच आतडे उलटून अधोमहानीला गाठण्याची रीत कॅटेल आणि ब्राश यांची. शरीराचा हा नकाशा आधी डोळ्यांपुढे असल्याशिवाय शल्यचिकित्सकाला ऐनवेळी वाट सापडत नाही.

तरीही एक कोडे उरले. शस्त्रक्रिया निर्दोष पार पडायची, प्रत्येक वाहिनी शिवली जायची, आतड्याचे प्रत्येक छिद्र बंद व्हायचे. आणि रुग्ण काही तासांनी दगावायचा. कारण हळूहळू स्पष्ट झाले. रक्त गेलेले शरीर थंड पडते. पेशींना प्राणवायू न मिळाल्याने रक्त आम्ल होते. थंड आणि आम्ल रक्तात गुठळी धरणारी विकरे काम करेनाशी होतात, म्हणून रक्त आणखी वाहते आणि शरीर आणखी थंड पडते. या चक्रात अडकलेल्या रुग्णावर चार तासांची परिपूर्ण शस्त्रक्रिया हाच घाला ठरत होता. हार्लन स्टोन यांनी 1983 साली शस्त्रक्रिया अर्धवट थांबवण्याचा विचार मांडला. फिलाडेल्फियातील मायकेल रोटोंडो, विल्यम श्वाब आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये त्याला नौदलातून उसने घेतलेले 'डॅमेज कंट्रोल' हे नाव दिले. फुटलेले जहाज भर समुद्रात पूर्ण दुरुस्त करत बसत नाहीत. भोक बुजवून ते बंदरापर्यंत तरंगत ठेवतात. त्याप्रमाणे पहिल्या शस्त्रक्रियेत केवळ रक्त थांबवायचे, मोठ्या वाहिनीत तात्पुरती प्लास्टिकची नळी बसवायची, पोटात घड्या भरून ते उघडेच ठेवायचे आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात नेऊन ऊब व रक्त द्यायचे. उरलेले काम एक-दोन दिवसांनी. मोठी वाहिनी आणि दोन किंवा अधिक अवयव जखमी असलेल्या त्यांच्या रुग्णांमध्ये जुन्या पद्धतीने 9 पैकी 1 वाचला होता, नव्या पद्धतीने 13 पैकी 10. संख्या लहान होती. पण तिने जगभरच्या शस्त्रक्रियागृहांतील सवयी बदलल्या.

मधल्या काळात दिल्लीतही ही जखम एकदा साऱ्या देशाने पाहिली. 31 ऑक्टोबर 1984 रोजी सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर सफदरजंग रस्त्यावरील निवासस्थानी गोळ्या झाडल्या गेल्या. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, तेथून काही मिनिटांच्या अंतरावर होती. मोटारीने त्यांना तेथे नेण्यात आले. छाती आणि पोटात असंख्य जखमा होत्या. देशातील अव्वल शल्यचिकित्सकांनी, त्यांत हृदयशल्यविशारद पी. वेणुगोपाल हेही होते, काही तास रक्त थोपवण्याची शर्थ केली. रक्ताच्या बाटल्यांमागून बाटल्या दिल्या गेल्या. दुपारी मृत्यू घोषित झाला. जखमांची व्याप्ती पाहता आजही याहून वेगळे काही घडले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु अपघातग्रस्तांसाठी स्वतंत्र, चोवीस तास सज्ज असे केंद्र तेव्हा एम्सकडेही नव्हते. जय प्रकाश नारायण यांच्या नावाचे अपेक्स ट्रॉमा सेंटर तेथे 2006 साली सुरू झाले.

त्याच दशकात आणखी एक मृत्यू सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्या मृताचे नाव कोणाच्या स्मरणात नाही. वेगाने आलेल्या मोटारीने एका स्कूटरस्वाराला उडवले. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी सांगितले, की हे पोलिसांत नोंद होणारे प्रकरण आहे, ते हाताळण्याचा अधिकार सुमारे वीस किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या रुग्णालयाला आहे. जखमी वाटेतच गेला. या बातमीचे कात्रण घेऊन परमानंद कटारा यांनी याचिका दाखल केली. 28 ऑगस्ट 1989 रोजी न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आणि न्यायमूर्ती ओझा यांच्या खंडपीठाने निर्णय दिला, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही. महावाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या भारतीय इतिहासात या निकालाची गणना व्हायला हवी. कारेलच्या टाक्याला भारतातील सामान्य जखमीपर्यंत पोहोचण्यासाठी जो रस्ता हवा होता, त्यातील एक अडथळा त्याने दूर केला.

उपचारांतही नंतर बरेच शिकता आले. ह्यूस्टनमधील 1994 च्या एका अभ्यासात, धडात घुसलेल्या जखमा असलेल्या 598 रुग्णांपैकी अर्ध्यांना शस्त्रक्रियेपूर्वी सलाइन दिले आणि अर्ध्यांना ते रोखून धरले. रोखून धरलेल्यांत 70 टक्के जगले, दिलेल्यांत 62 टक्के. टॉरिचेलीचा नियम जाणणाऱ्याला याचे फारसे आश्चर्य वाटू नये : छिद्र उघडे असताना दाब वाढवला, तर गळती वाढते, नुकती धरलेली गुठळी निसटते आणि उरलेले रक्त पातळ होते. पुढे सलाइनऐवजी रक्त, प्लाझ्मा आणि प्लेटलेट सम प्रमाणात देण्याची पद्धत आली. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने 1962 साली प्रसिद्ध केलेले ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध 2010 मध्ये 40 देशांतील 20,211 जखमींवर तपासले गेले. त्यांत भारतीय रुग्णालयांतील जखमी मोठ्या संख्येने होते. मृत्यूचे प्रमाण 16 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांवर आले. हे औषध पहिल्या तीन तासांतच उपयोगी पडते. त्यानंतर दिल्यास हानी संभवते.

प्रत्येक आशादायक साधन टिकले असे मात्र नाही. जांघेतून महारोहिणीत फुगा सरकवून रक्त आतूनच अडवावे, ही कल्पना कार्ल ह्यूजेस या अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सकाने कोरियात मरणासन्न सैनिकांवर वापरून 1954 साली मांडली होती. अर्धशतकानंतर ती नव्या, सुटसुटीत साधनांनिशी परतली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. ब्रिटनमधील 16 केंद्रांत तिची रीतसर परीक्षा झाली. 2023 मध्ये निकाल आला : 90 रुग्णांत फुगा वापरलेल्यांपैकी 54 टक्के, तर न वापरलेल्यांपैकी 42 टक्के तीन महिन्यांत दगावले. फुगा बसवण्यात गेलेली मिनिटे शस्त्रक्रियागृहाकडे जाण्यातून वजा होत होती, हे त्यामागील एक संभाव्य कारण. दुसऱ्या एका मार्गाने, धातूची जाळी आणि कापड यांची नळी वाहिनीच्या आतून बसवून, काही जखमा आता पोट न उघडता दुरुस्त होतात. खार्किवच्या निकोलाय व्होलोदोस यांनी 1987 साली छातीतील महारोहिणीच्या जुन्या अपघाती इजेवर हा प्रयोग प्रथम यशस्वी केला होता. तथापि ज्याचा दाब कोसळत आहे, त्याच्यासाठी चाकू आणि मूठ यांना अद्याप पर्याय नाही.

भारतातील स्थिती काय, याचे चित्र मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील चार सार्वजनिक रुग्णालयांतील सोळा हजारांहून अधिक जखमींच्या नोंदींतून मिळाले. मुंबईतील शीव आणि केईएम ही रुग्णालये त्यात होती, एम्सचे ट्रॉमा सेंटरही होते. या कामात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक नोभोजित रॉय यांचा पुढाकार होता. या नोंदींतील 2,523 मृत्यूंची छाननी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असा निष्कर्ष निघाला. उणिवा दुर्मिळ शस्त्रक्रियेच्या कौशल्यात कमी आणि प्राथमिक गोष्टींत अधिक आढळल्या : श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव वेळेत ओळखून थांबवणे, योग्य रुग्णालयात वेळेत पोहोचणे.

द्वारकेच्या सेक्टर 9 मध्ये इंदिरा गांधी यांच्या नावाचे 1,241 खाटांच्या क्षमतेचे सरकारी रुग्णालय 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, सुरू झाले. तेथून जय प्रकाश नारायण यांच्या नावाचे ट्रॉमा सेंटर साधारण वीस किलोमीटरवर आहे. राजकारणात परस्परांसमोर उभ्या ठाकलेल्या दोन व्यक्तींची नावे आज एकाच रस्त्याच्या दोन टोकांना जखमींची वाट पाहत आहेत. हे अंतर 1989 च्या निकालातील त्या स्कूटरस्वाराला सांगितलेल्या अंतराइतकेच भरते. नवे द्रुतगती मार्ग हे अंतर कापायला लागणारा वेळ कमी करतात. वाहनांचा वेग वाढल्याने होणाऱ्या जखमाही अधिक गंभीर करतात. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते : ताशी 50 ऐवजी 100 किलोमीटर वेग असेल, तर ती दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यामुळे जेथे रस्ता रुंद होतो, तेथे रक्तपेढी, चोवीस तास जागे शस्त्रक्रियागृह आणि वाहिन्या शिवू शकणारा शल्यचिकित्सक हे त्याच आराखड्यात असावे लागतात, नंतरच्या टप्प्यात नव्हे.

कायदाही हळूहळू पुढे सरकला आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली समाविष्ट झालेल्या कलम 134 अ नुसार जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. पोटावर आपटलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, जखम दिसत नाही असे म्हणाला, तरी त्याचा चेहरा पांढरा पडत असेल, घाम येत असेल, नाडी जलद चालत असेल, तर त्याला पाणी पाजून घरी धाडण्यात त्याचे हित नाही. 112 वर दूरध्वनी करावा आणि शस्त्रक्रियागृह व रक्तपेढी असलेल्या रुग्णालयात त्याला तातडीने न्यावे. कशिदा शिकलेल्या तरुणाने शोधलेला टाका तेथे घालता येतो.